एक पुसलेली कॅसेट

इतिहासाच्या अभ्यासकाने साधने जपावीत, असे मी वाशीमच्या मुलांना सारी नोकरीभर सांगत आलो. आणि एक साधन मी स्वतःच्या हाताने पुसून टाकले आहे.

ही गोष्ट १९९० च्या गणेशोत्सवातली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडायचे होते. धाकट्या भावाने मुंबईहून एक कॅसेट आणली होती. 'रॉक मशीन' नावाच्या तिथल्या मुलांच्या ताफ्याची. नाव 'रॉक अँड रोल रेनेगेड'. घरात ती दिवसरात्र गर्जत असे. त्याच आठवड्यात आमच्या आळीतल्या गणपतीपुढे एका वृद्ध बुवांचे कीर्तन ठरले आणि मला कोरी कॅसेट कुठे मिळेना. विकतच्या कॅसेटच्या कडेला दोन खाचा असतात. त्या चिकटपट्टीने बुजवल्या की तिच्यावर पुन्हा ध्वनिमुद्रण करता येते, एवढी विद्या मला अवगत होती. मी ती वापरली. इंग्रजांची नक्कल पुसून बुवांचे आख्यान साठवले, यात मला पुण्यच वाटले.

भावाने भांडण केले नाही. "दादा, ती त्यांची स्वतःची गाणी होती हो," एवढेच तो म्हणाला.

या 'स्वतःची' शब्दाचे वजन मला फार उशिरा कळले. ते कळावे म्हणून थोडे मागे गेले पाहिजे.

रॉक संगीत मुंबईला नवे नव्हते. सिमला सिगारेटच्या नावाने भरणाऱ्या 'सिमला बीट' स्पर्धांतल्या ताफ्यांच्या तबकड्या १९७० आणि १९७१ साली निघाल्या होत्या. १९७२ साली लेड झेपेलिनचे रॉबर्ट प्लांट आणि जिमी पेज मुंबईत आले, कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये वाजवून गेले, आणि मुंबईच्या वादकांना जमवून त्यांनी इथे ध्वनिमुद्रणही केले. पण सर्वसाधारण रीत अशी की, व्यासपीठावर उभे राहायचे ते परक्यांची गाजलेली गाणी वाजवण्यासाठी. नक्कल जितकी हुबेहूब, तितक्या टाळ्या अधिक. आपण हसू नये. आमच्या गावोगावच्या हौशी गायकांनी तबकडीवरून बालगंधर्वांची पदे अशीच हरकतीसुद्धा उचलली, आणि आपण त्यांना रसिक म्हटले!

रॉक मशीन १९८४ साली उभे राहिले तेही याच रीतीने. महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बास गिटारवर, मार्क मेनेझिस ड्रम्सवर. पुढे गायक उदय बेनेगल आणि कीबोर्ड वाजवणारे झुबिन बालापोरिया येऊन मिळाले. नावांची ही यादी वाचली तरी मुंबई डोळ्यांपुढे उभी राहते. आरंभी तेही इतरांचीच गाणी वाजवीत. मग त्यांनी ठरवले की आपली गाणी आपण रचायची. आज यात काही विशेष वाटणार नाही. परंतु झेवियर्स कॉलेजमागच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, ओळखीच्या गाण्यांसाठी आलेल्या श्रोत्यांपुढे अनोळखी गाणे सुरू करणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी स्वतःची कविता सभेत वाचली आहे त्याला सांगायला नको. १९८८ ची 'रेनेगेड' ही त्या धाडसाची पहिली नोंद; मी पुसली ती हीच. १९९० साली 'द सेकंड कमिंग' आली. तिच्यातल्या 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला १९९३ साली एमटीव्हीचे आशियाई प्रेक्षकपसंतीचे पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी त्यांनी नाव बदलले. रॉक मशीनचे 'इंडस क्रीड' झाले. चांगले चालते नाव कोणी उगाच टाकत नाही. 'मशीन' कुठलेही असू शकते. सिंधू एकाच भूमीची. माझ्या मते, आपण कोणाचे, या प्रश्नाला त्यांनी दिलेले ते उत्तर होते. १९९५ साली नव्या नावाचीच ध्वनिफीत निघाली आणि १९९७ साली ताफा फुटला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले. 'आम्स फॉर शांती' या नव्या ताफ्यातर्फे त्यांनी 'कश्मकश' काढली.

मी मात्र अजून भाषेपाशीच अडलो होतो. गाणी स्वतःची असतील, पण इंग्रजी तर परक्याचीच ना? हे कोडे सुटले ते अगदी घरच्या साधनाने. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म, हे मी दरवर्षी शिकवीत असे. विंध्यशक्ती दुसरा याचा इथला ताम्रपट १९३९ साली उजेडात आला. त्यात वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा तपशील प्राकृतात. एकाच राजाचा एकच लेख, आणि भाषा दोन! त्याचा पिता सर्वसेन राजा असून कवी होता. 'हरिविजय' हे काव्य त्याने प्राकृतात रचले. त्यांना कोणी 'तुमची खरी भाषा कोणती?' असे दरडावल्याचे दिसत नाही. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइम शहरातला 'मोटरसायको' हा ताफा पाहा. १९८९ पासून बेंट सेदर आणि हान्स मॅग्नस रायन तो चालवीत आले, वीसांहून अधिक अल्बम काढले, आणि गातात इंग्रजीत. म्हणून ते नॉर्वेचे नाहीत असे कोण म्हणेल? रायन आणि सेदर यांचे वीस. आणि आपल्यांचे चार. ही तफावत मात्र मला सलते.

चौथा अल्बम म्हणजे 'इव्हॉल्व्ह'. २०१० साली ताफा पुन्हा जुळला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया जुने, बासवर रशद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी नवे. अल्बम २०१२ साली निघाला. पर्ल जॅमच्या 'टेन'चे मिक्सिंग करणाऱ्या टिम पामर यांनीच याचेही केले. मी तो विकत घेऊन भावाकडे गेलो. बाविसाव्या वर्षी दिलेले दंडशुल्क! आम्ही दोघांनी तो बसून ऐकला. पहिल्या फितीतला दांडगेपणा ओसरला होता. लांब, वळणे घेत जाणारी रचना, घाई नसलेली. रॉकच्या ज्या शाखेला प्रोग्रेसिव्ह म्हणतात तिच्याकडे ही झुकलेली आहे, असे भाऊ म्हणाला. मला त्यातून आळवणीच आठवली. सगळेच आवडले असे नाही. काही ठिकाणी ड्रम्स अजून माझ्या डोक्यावर पडतात.

सर्वसेनाचे 'हरिविजय' आज उपलब्ध नाही. आनंदवर्धनासारख्या काव्यशास्त्रकारांनी त्याचा गौरव केला, इतरांच्या ग्रंथांत त्यातली थोडी पद्ये उतरली, तेवढेच उरले.

ती कॅसेट अजून माझ्याजवळ आहे. बुवांचा आवाज अन्यत्र कुठेही नोंदलेला नाही, म्हणून पुसल्याचा पुरता पश्चात्तापही मला करता येत नाही. दुसऱ्या बाजूला आरती संपते, टाळ थांबतात, कोणीतरी खोकते आणि बटण दाबल्याचा खटका ऐकू येतो. त्यानंतर फितीचा जो तुकडा मोकळा राहिला, तेवढ्यात गिटार सुरू होते. मोजून पाहिले, दीड मिनिटाहून थोडे अधिक आहे. भाऊ दिवाळीला आला की आम्ही बुवांचे कीर्तन शेवटपर्यंत ऐकतो.