शिल्पकार ब्रांकुशी आणि त्याचा पक्षी

१९२६ सालच्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कच्या बंदरावर पॅरिसहून कांहीं पेट्या उतरल्या. त्यांपैकीं एकींतून सुमारें साडेचार फूट उंचीची, मध्यें किंचित् फुगीर, वर निमुळती होत गेलेली आणि आरशासारखी झळाळणारी एक ब्राँझची वस्तु निघाली. तिचें नांव ‘पक्षी’ असें होतें. जकातखात्याच्या अधिकाऱ्यांना तींत चोंच दिसेना, पंख दिसेनात, पायही दिसेनात. अस्सल कलाकृतीवर अमेरिकेंत जकात नव्हती. परंतु ही कलाकृति आहे असें मानावयास ते तयार नव्हते. स्वयंपाकघरांतील भांडीं व रुग्णालयांतील उपकरणें ज्या सदरांत मोडत, त्या सदरांत त्यांनीं तिची गणना केली आणि ६०० डॉलर किंमतीवर शेंकडा ४० प्रमाणें २४० डॉलर जकात आकारली.

ती मूर्ति घडविणाऱ्याचें नांव कॉन्स्टंटिन ब्रांकुशी. त्याचा जन्म १८७६ सालीं रुमानियांतील होबित्सा नांवाच्या खेड्यांत, शेतकरी कुटुंबांत झाला. लहानपणीं त्यानें मेंढरें राखलीं. घराचे खांब व दरवाजे लांकडांत कोरण्याची त्या प्रांतांत जुनी परंपरा आहे. पुढें क्रायोव्हा येथील कलाशाळेंत व बुखारेस्टच्या कलाविद्यालयांत त्याचें शिक्षण झालें. विद्यार्थिदशेंतच त्यानें डॉ. गेरोटा यांच्या मार्गदर्शनाखालीं त्वचारहित मनुष्यदेहाचा एक पुतळा केला. त्यांतील स्नायु इतके बिनचूक होते कीं, शारीरशास्त्राच्या अभ्यासास तो पुतळा उपयोगी पडे. तेव्हां हुबेहुब आकृति साधेना म्हणून ब्रांकुशीनें ती सोडली, असें कोणास म्हणतां येणार नाहीं.

१९०४ सालीं तो पॅरिसला पोंचला. प्रवासाचा बराच भाग त्यानें पायीं केला. १९०७ सालीं त्या काळचा अग्रगण्य शिल्पकार रोदां याच्या कार्यशाळेंत त्याला काम मिळालें, पण तें त्यानें लवकरच सोडलें. मोठ्या वृक्षांच्या छायेंत दुसरें कांहीं वाढत नाहीं, अशा अर्थाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. येथें केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हता; कामाच्या पद्धतीचाही भेद होता. रोदां मातींत आकृति घडवी, आणि तिचें पाषाणांत रूपांतर करण्याचें काम इतर कारागीर करीत. ब्रांकुशीनें छिन्नी स्वतः हातीं घेतली. दगडास स्वतःचा कठीणपणा व शिरा असतात, लांकडास रेषा असतात, घासलेल्या धातूस प्रकाश परतविण्याची शक्ति असते. हातांतील पदार्थाचा स्वभाव ओळखून, त्याच्याशीं झगडा न करतां आकार शोधावा, ही त्याची शिस्त होती. तो म्हणे, वस्तु घडविणें अवघड नाहीं. ती घडविण्यास योग्य अशा मनःस्थितींत येणें अवघड आहे.

त्याचा पक्षी एका दिवसांत असा झाला नाहीं. १९१० च्या सुमारास त्यानें रुमानियन लोककथांतील ‘माइआस्त्रा’ या अद्भुत पक्ष्याची मूर्ति केली. तिला मान आहे, उघडी चोंच आहे, भरलेली छाती आहे. पुढील वर्षांत एकेक अवयव गळत गेला, आणि १९२३ पासून ज्या मूर्ति झाल्या त्यांत केवळ वर झेपावणारी एक रेषा उरली. पक्ष्याचें शरीर नव्हे, तर त्याचें उड्डाण दाखवावें हा त्याचा ध्यास होता. साधेपणा हें कलेचें साध्य नव्हे. वस्तूच्या खऱ्या अर्थाजवळ जातां जातां मनुष्य नकळत साधेपणास पोंचतो, असें तो सांगे.

जकातीचा वाद १९२७ सालीं न्यायालयांत उभा राहिला. शिल्प म्हणजे निसर्गांतील वस्तूंचें, मुख्यतः मनुष्याकृतीचें, अनुकरण, अशी व्याख्या १९१६ च्या एका निकालानें रूढ झाली होती. सरकारी पक्षाचा भर तिच्यावरच होता. मूर्ति विकत घेणारे छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांस विचारण्यांत आलें कीं, ही वस्तु अरण्यांत दिसली असती तर पक्षी समजून तुम्ही गोळी झाडली असती काय? त्यांनीं नकार दिला. मात्र ती पक्ष्यासारखी दिसत नसली तरी पक्ष्याचा प्रत्यय देते, असें त्यांचें म्हणणें होतें. शिल्पकार जेकब एपस्टाइन यांनींही ब्रांकुशीच्या बाजूनें साक्ष दिली. २६ नोव्हेंबर १९२८ रोजीं निकाल लागला. अनुकरणाऐवजीं अमूर्त कल्पना व्यक्त करणारा कलेचा एक नवा पंथ उदयास आला आहे, तो आवडो वा न आवडो, त्याचें अस्तित्व मानलें पाहिजे, असा न्यायमूर्तींचा अभिप्राय पडला. जकात रद्द झाली.

हिंदुस्थानांत या शिल्पकाराचा गौरव एका मराठी दरबारानें केला. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनीं त्याच्याकडून तीन पक्षी घेतले: एक ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा व एक पांढऱ्या. त्यांच्यासाठीं इंदुरास एक ध्यानमंदिर बांधावयाचें ठरलें. भुयारी वाटेनें आंत जावें, मध्यें पाण्याचें कुंड असावें, आणि वरून येणारा प्रकाश सोनेरी पक्ष्यावर पडावा, अशी कल्पना होती. परंतु १९३७ सालीं महाराणी संयोगिताबाई निवर्तल्या. १९३८ च्या जानेवारींत ब्रांकुशी इंदुरास येऊन राहिला, पण मंदिराचा पाया घातला गेला नाहीं. कालांतरानें तिन्ही पक्षी हा देश सोडून गेले. दोन्ही संगमरवरी पक्षी १९७३ सालीं ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा येथील राष्ट्रीय संग्रहासाठीं विकत घेण्यांत आले. ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियांतील एका संग्रहालयांत गेला. ब्रांकुशी स्वतः १९५७ सालीं पॅरिसमध्यें वारला.

इंदुराहून नर्मदा फार दूर नाहीं. ज्याच्यावर कशाचाच परिणाम होत नाहीं अशा मनुष्यास मराठींत ‘नर्मदेतला गोटा’ म्हणतात. पण त्याच नदीनें घासून गुळगुळीत केलेला बाण महाराष्ट्रांतील अनेक देव्हाऱ्यांत पूजिला जातो. गांवच्या शिवेवरील शेंदूर माखलेल्या तांदळ्यास नाक कोठें व डोळे कोठें, असें कोणी विचारीत नाहीं. तेथें श्रद्धा असते, शिल्पापुढें ती असावी असें नाहीं. तथापि अवयव न मोजतांही आकाराचा अर्थ मनास भिडतो, हा अनुभव या भूमीस नवा नाहीं. ब्रांकुशीचें प्रेक्षकांस एवढेंच सांगणें होतें कीं, गूढ सूत्रें शोधूं नका. माझ्या मूर्ति दिसूं लागेपर्यंत त्यांजकडे पहा. न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनीं वस्तु पाहिली होती, परंतु सदर ठरविण्यापुरतीच. तेवढ्या वेळांत भांडें ओळखतां येतें. उड्डाण ओळखावयास त्याहून अधिक वेळ थांबावें लागतें.