कर्लीच्या खाडीत कयाकने मुक्कामी सहल: आधी तिथी बघा!

मालवणजवळ देवबागला कर्ली नदी अरबी समुद्राला मिळते. घरच्यांसोबत दोन-तीन दिवस कयाक वल्हवत, काठावर तंबू ठोकत फिरायचं असेल तर बेत भरती-ओहोटीवर आखावा लागतो. भरतीबरोबर खाडीत आत जायचं, ओहोटीबरोबर परतायचं. मात्र मुखाच्या बरंच आधी थांबा. तिथे ओहोटीची ओढ थेट समुद्रात नेते. लाइफ जॅकेट सगळ्यांनाच, पोहता येणाऱ्यांनाही.

भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी भरती. त्यामुळे अष्टमीला कोरडी दिसलेली वाळू पौर्णिमेच्या रात्री पाण्याखाली जाऊ शकते. तंबू भरतीच्या खुणेच्या वर, जागामालकाला विचारून लावा. माडाखाली मात्र नको, नारळ पडतात.