साठ हजारांच्या पुडीची कुळकथा

दुपारी फर्स्ट शिफ्ट सुटते, कंपनीच्या बसमधून माणसं चौकात उतरतात आणि चाकण, निघोजे, म्हाळुंगे किंवा भोसरीतल्या मेडिकलवर गर्दी होते. त्या गर्दीत 'डी थ्रीची पुडी द्या' म्हणणारं कोणी ना कोणी असतंच. कुणाच्या बायकोचे गुडघे दुखतात, कुणाच्या आईची कंबर धरते, कुणाचा स्वतःचाच थकवा उतरत नाही. मिळतं ते ड जीवनसत्त्वाचं बोटभर लांबीचं पाकीट. कोपरा कापला की आतून रव्यासारखे पांढरे दाणे पडतात. कपभर दुधात ढवळायचे आणि पिऊन टाकायचे. पाकिटावर आकडा असतो साठ हजार. हा आकडा वाचून पुष्कळांना वाटतं की औषध फार जालीम असणार. प्रत्यक्षात ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६०,००० युनिट भरतात जेमतेम दीड मिलिग्रॅम. एक ग्रॅमच्या पुडीतला बाकी सगळा ऐवज साखर आणि स्वादाचा.

या दीड मिलिग्रॅममागे साडेतीनशेहून अधिक वर्षांची गोष्ट आहे, आणि तिचं एक महत्त्वाचं पान नाशिकमध्ये लिहिलं गेलं. ते आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही.

मुडदूस हा रोग युरोपातल्या डॉक्टरांनी सतराव्या शतकात नीट नोंदवला. पाय धनुष्यासारखे वाकलेले, मनगटं सुजलेली, चालायला उशीर. पुढे गिरण्या आल्या, धूर आला, अरुंद गल्ल्या आल्या आणि इंग्लंड-स्कॉटलंडच्या शहरांत हा रोग घरोघर दिसू लागला. १८२२ साली श्न्यादेत्स्की या पोलिश डॉक्टरने लिहून ठेवलं होतं की वॉर्सा शहरातल्या मुलांना मुडदूस होतो, खेड्यातल्या मुलांना फारसा होत नाही, आणि यावर इलाज म्हणजे ऊन. त्याचं कुणी विशेष मनावर घेतलं नाही.

१९१९ साल मात्र निर्णायक ठरलं. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांना मुख्यतः ओटच्या लापशीवर वाढवलं, त्यांना मुडदूस झाला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो बरा झाला. मेलनबींनी निष्कर्ष काढला की रोग आहाराचा आहे. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील किरणांत बसवलं, आणि मुलं बरी झाली. त्यांच्या एका प्रयोगातला बारकावा विलक्षण आहे: किरण एकाच हातावर सोडले, तरी सुधारणा दोन्ही हातांच्या हाडांत दिसली. म्हणजे कातडीवर पडलेल्या किरणांनी रक्तात मिसळणारं काहीतरी तयार होत होतं. आता प्रश्न असा की हा रोग ताटातला की उन्हाचा? वैद्यकशास्त्रात दोन तट पडले.

याच काळात मुंबई इलाख्यातल्या नाशिक शहरात हचिसन नावाचे डॉक्टर मोठ्या मुलींचा आणि बायकांचा हाडं मऊ पडण्याचा आजार तपासत होते. पी. टी. पटेल यांच्याबरोबरचा त्यांचा लेख १९२१ साली ग्लासगोच्या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि एस. जे. शाह यांच्याबरोबरचा दुसरा १९२२ साली. त्यांना जे दिसलं ते आहारवाद्यांच्या हिशेबात बसणारं नव्हतं. पडदा पाळणाऱ्या सधन घरांत, मग ती मुसलमानांची असोत की वरच्या जातीतल्या हिंदूंची, खाण्यापिण्याची ददात नव्हती. तरी मुडदूस आणि मऊ हाडांचा आजार तिथेच होता. उलट गरीब घरांतल्या बायका-मुलांचं जेवण निकृष्ट, पण दिवस उघड्यावर जात असल्यामुळे ती बरीचशी सुटलेली होती. इतका थेट पुरावा उन्हाच्या बाजूने फार थोड्यांनी मांडला होता, आणि तो भरउन्हाच्या देशातून आला होता. देशात ऊन मुबलक असणं आणि ते अंगावर पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नाशिकने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं.

दोन्ही तटांचा समेट रसायनशास्त्राने केला. १९२२ साली अमेरिकेत मॅककोलम यांनी माशाच्या तेलात गरम हवा सोडून त्यातलं 'अ' जीवनसत्त्व नष्ट केलं. तरी ते तेल मुडदूस बरा करत राहिलं. अ, ब आणि क ही नावं आधीच दिलेली होती, म्हणून या चौथ्याचं नाव 'ड' ठेवलं. मग विस्कॉन्सिनमध्ये स्टीनबॉक यांनी दाखवलं की अन्नावरच अतिनील किरण सोडले तर अन्न औषधी होतं. जर्मनीत विंडाउस यांनी या पदार्थांची रचना उलगडत नेली आणि त्यांना १९२८ सालचं नोबेल मिळालं. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलचा एक भाऊबंद असतो. उन्हातले ठरावीक अतिनील किरण पडले की त्याचं ड-३ (या 'ड'चाच एक प्रकार) होतं. यकृत आणि मूत्रपिंड त्याच्यावर आणखी संस्कार करतात, तेव्हा कुठे ते कॅल्शियम शोषण्याच्या कामी येतं.

पुडीतलं ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतून येतं. लोकर धुताना निघणारी चरबी म्हणजे लॅनोलिन. त्यातून कोलेस्टेरॉल काढतात, त्यावर प्रक्रिया करतात आणि शेवटी कारखान्यातल्या दिव्याखाली धरतात. जे काम उन्हाने कातडीवर करायचं, ते दिवा मेंढीच्या चरबीवर करतो. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी यीस्टपासून बनवलेलं ड-२ मिळतं.

नाशिकवर लेख छापणाऱ्या त्याच ग्लासगोमध्ये १९६२ साली डनिगन आणि सहकाऱ्यांना तिथे स्थायिक झालेल्या पाकिस्तानी कुटुंबांत मुडदूस आणि मऊ हाडांचा हाच आजार आढळला. पुढे तिथल्या आशियाई मुलांना ड जीवनसत्त्वाचे थेंब मोफत देण्याची मोहीम निघाली आणि मुडदूस कमी झाला.

आता पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याकडे पाहिलं तर नाशिकचा पडदा वेगळ्या रूपात समोर येतो. फर्स्ट शिफ्टचा माणूस उजाडताना बस पकडतो आणि भर दुपार पत्र्याखाली, मशीनपाशी काढतो. नाईटवाला दिवसा पडदे ओढून झोपतो. भाड्याच्या खोल्या भिंतीला भिंत लावून बांधलेल्या, त्यामुळे घरातल्या बाईच्या वाट्याला येतो तो दोरीवर कपडे वाळत घालण्यापुरता उजेड. मुलं शाळा, क्लास आणि मोबाइल यांत अडकलेली. ऑफिसात बसणारा खिडकीशेजारी असला तरी उपयोग नाही, कारण 'ड' बनवणारे अतिनील किरण काचेतून आत येत नाहीत. धुरानेही ते अडतात; २००२ साली छापून आलेल्या दिल्लीतल्या एका अभ्यासात प्रदूषित भागातल्या तान्ह्या आणि लहान मुलांच्या रक्तात 'ड' कमी भरलं होतं.

आपल्याकडे बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरतात. चाल प्रेमाची आहे, आणि बाळाला उघड्यावर नेणं चांगलंच. पण सकाळच्या तिरप्या उन्हात हे किरण फार थोडे असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं, आणि ते मिळतं साधारण दहा-अकरा ते तीन या वेळात. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिल्या वर्षभर बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगते. मोठ्यांसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली रोजची गरज ६०० युनिट धरली. गव्हाची पोळी, डाळ, भाजी यांतून ती भागत नाही. अंडी आणि मासे थोडा हातभार लावतात. '+एफ' चिन्ह असलेल्या दुधात आणि खाद्यतेलात 'अ' आणि 'ड' घातलेलं असतं, तेव्हा पिशवी घेताना ते चिन्ह पाहावं.

आणि नुसतं 'ड' पुरत नाही. पुण्याच्या जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी गरीब घरांतल्या लहान मुलांना वर्षभर लाडू दिले. ड जीवनसत्त्व दोन्ही गटांना मिळालं. ज्यांच्या लाडवात कॅल्शियम जास्त होतं, त्यांच्या हाडांत खनिजांची भर जास्त पडली. नाचणी, तीळ, दूध, दही यांना म्हणूनच पर्याय नाही.

पुडीकडे मात्र सावधपणे पाहायला हवं. ती साधारणपणे आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडे, डॉक्टरांनी सांगितल्यावर घ्यायची असते. रोज घेतली किंवा महिनोन्महिने चालू ठेवली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, तहान भागत नाही, मूत्रपिंडाला इजा होते. काश्मीरमधल्या डॉक्टरांनी २०११ साली अशा अतिरेकाच्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. तेव्हा शेजारणीला लागू पडली म्हणून पुडी आणू नये, आणि आईसाठी आणलेली लेकराला पाजू नये. सांधे, कंबर किंवा मांड्या सारख्या दुखत असतील, मूल उशिरा चालत असेल किंवा पाय वाकलेले दिसत असतील, तर आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावं आणि पुडी किती, किती दिवस, हे तिथूनच लिहून घ्यावं.