आभासी वास्तवातील दृश्य अवधान

आभासी वास्तवातील दृश्य अवधान म्हणजे व्हीआर हेडसेट घातलेल्या व्यक्तीचे सभोवतालच्या कृत्रिम दृश्यातील विशिष्ट भागाकडे असलेले लक्ष. ते थेट मोजता येत नाही. डोके व डोळे यांच्या हालचालींवरून त्याचे अनुमान करावे लागते.

डोके व डोळे यांचा समन्वय

दृष्टिपटलाच्या मध्यभागी गर्तिका नावाचा खळगा असून सर्वांत स्पष्ट प्रतिमा तेथेच उमटते. तिचा आवाका सुमारे २ अंशांचा, म्हणजे हात लांब केल्यावर दिसणाऱ्या अंगठ्याच्या रुंदीएवढा असतो. त्यामुळे नजरेला सतत जागा बदलावी लागते. नजरेच्या या झटपट उडीस सॅकेड म्हणतात. लक्ष्य जवळ असेल तर केवळ डोळे वळतात; साधारणपणे १५ ते २० अंशांपलीकडे असेल तर डोकेही वळते. बहुधा डोळे आधी पोहोचतात. डोके मागाहून वळत असताना डोळे उलट दिशेने फिरून नजर लक्ष्यावर टिकवतात. अंतर्कर्णातील संतुलनेंद्रियाच्या संकेतांवर चालणारी ही प्रतिक्षिप्त क्रिया सुमारे १० मिलिसेकंदांत सुरू होते. पुस्तक स्थिर ठेवून मान हलवल्यास मजकूर वाचता येतो. मान स्थिर ठेवून पुस्तक तितक्याच वेगाने हलवल्यास अक्षरे पुसट होतात. हा प्रयोग कोणत्याही वर्गात करून पाहता येतो.

मापन

आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये सादर केलेल्या शिरोधार्य पडद्यात डोक्याच्या हालचालीनुसार चित्र बदलत असे. डोक्याची दिशा प्रत्येक हेडसेट नोंदवतो. डोळ्यांच्या नोंदीसाठी मात्र आत वेगळे कॅमेरे व अवरक्त दिवे लागतात. म्हणूनच अनेकदा डोक्याची दिशा हीच नजरेची दिशा मानली जाते. ही सोय आहे, पुरावा नव्हे. परभणी, नांदेड व हिंगोलीकडील मार्ग जेथे मिळतात त्या पूर्णा जंक्शनचे ३६० अंशांतील चित्रण कोणी पाहत आहे, अशी कल्पना करावी. प्रेक्षकाचे तोंड गाडी येण्याच्या दिशेला असूनही त्याची नजर १५ अंश बाजूच्या चहाच्या ठेल्यावर असू शकते. केवळ डोक्याची नोंद ठेवणारा अभ्यास येथे चुकीचा निष्कर्ष काढेल.

विन्सेंट सिट्झमान व सहकाऱ्यांच्या २०१८ मधील अभ्यासात सर्वदिशादर्शी चित्रे पाहणाऱ्यांचा कल क्षितिजरेषेजवळ पाहण्याकडे आढळला. अर्थात काय शोधायचे आहे यावरही नजरेचा मार्ग ठरतो. आल्फ्रेड यार्बुस यांनी एकाच चित्राविषयी वेगवेगळे प्रश्न विचारून हे आभासी वास्तवापूर्वीच दाखवले होते. त्यांचे रशियन पुस्तक १९६५ मध्ये, तर इंग्रजी अनुवाद १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला.

नजरेची अचूक नोंदही पुरेशी ठरत नाही. नजर न हलवता लक्ष दुसरीकडे नेता येते, हे मायकेल पोझनर यांच्या १९८० च्या सुमाराच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. अशा अवधानास अप्रकट अवधान म्हणतात.

उपयोग व गोपनीयता

नजर जेथे आहे तेवढाच भाग बारकाईने व उरलेला ढोबळपणे रेखाटल्यास संगणकावरील भार घटतो. एचटीसी व्हाइव्ह प्रो आय (२०१९) व ॲपल व्हिजन प्रो (२०२४) या हेडसेटांत नजरेचा माग घेण्याची सोय आहे.

डोळे कोठे, किती वेळ थांबले यावरून व्यक्तीची आवड ताडता येते, आणि हालचालींच्या ढबीवरून व्यक्ती ओळखताही येऊ शकते. बहुतेक सॅकेड नकळत घडत असल्याने काय उघड होत आहे याची जाणीव वापरकर्त्यास क्वचितच असते. भारतात संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत केला. त्यात नजरेच्या नोंदींचा स्वतंत्र उल्लेख नाही.