बुरशी वाढली, औषध वाढले का?

पुण्याहून लोकलने लोणावळ्याकडे निघालो, की कासारवाडीनंतरचे स्टेशन पिंपरी. येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे त्याला साहाय्य होते. पण टाकीतल्या गढूळ रसात औषध वाढते आहे, हे ओळखायचे कसे?

बुरशी जोमाने वाढली म्हणजे काम साधले, असे नव्हे. बुरशी भरपूर आणि पेनिसिलिन नाममात्र, असेही घडते. १९४०च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांचे सहकारी नॉर्मन हीटली यांनी यावर युक्ती काढली. बशीतल्या आगरवर जिवाणू पेरायचे, त्यावर काचेच्या छोट्या नळ्या उभ्या करायच्या आणि त्यांत रसाचा नमुना घालायचा. बशी रात्रभर उबेत ठेवली, की सकाळी नळीभोवती जिवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसे. येथे एक मेख आहे. औषध दुप्पट झाले तरी व्यास दुप्पट होत नाही, थोडाच वाढतो. मोठी प्रगतीही नजरेला किरकोळ वाटते. म्हणून शक्ती ठाऊक असलेल्या प्रमाण द्रावणाच्या वर्तुळाशी तो ताडून पाहायचा.

फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला पेनिसिलिन दिले गेले. ताप उतरला, अन्नावर वासना आली. त्याच्या लघवीतूनही औषध परत मिळवले. तरी साठा संपला आणि १५ मार्चला तो दगावला. औषध गुणकारी होते, पण रसात मिलिलिटरमागे एक-दोन एककेच मिळत.

त्याच वर्षी हीटली अमेरिकेतील पिओरियाच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे मका भिजवलेल्या पाण्याचा अर्क वापरून पाहिला गेला. १९४३ मध्ये एका खरबुजावरची बुरशी सरस ठरली. पुढे क्ष-किरणांनी तिच्यात बदल घडवले गेले. कोणता बदल ठेवायचा आणि कोणता टाकायचा, हे अशा चाचण्यांनीच ठरे. युद्ध संपेपर्यंत एककांचा आकडा शेकड्यांत गेला.

वर्गातही आपण भरलेल्या वह्या पाहून समाधान मानतो. पण गेल्या महिन्यात अडलेले गणित आज, आकडे बदलून, मूल एकट्याने सोडवते का? शिकणे पुढे सरकले की नाही, ते तेथे कळते. फरक थोडा दिसला, तरी तो नोंदवून ठेवावा.