लेखन शिकवणाऱ्यांचे वाचन : वऱ्हाडातून एक मागोवा

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव विवेकानंद आश्रमामुळे आणि त्याच्या शिक्षणसंस्थांमुळे ओळखले जाते. अशा गावी महाविद्यालयात मराठी लेखन शिकवणाऱ्या अध्यापकाने स्वतः काय वाचावे, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्यात शुद्धतेला जेवढे स्थान मिळाले तेवढे विचारांच्या मांडणीला मिळालेले नाही.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले; पुढे 1911 मध्ये मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिताना पूर्वसूरींची मते पारखून घेतली, त्यामुळे नियमामागचा वाद समजून घेऊ पाहणाऱ्या अध्यापकाला हा ग्रंथ आजही टाळता येत नाही. परंतु निबंध कसा रचावा हे व्याकरण सांगत नाही. त्यासाठी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ वाचावी लागते. 1874 पासून निघालेल्या तिच्या 84 अंकांत, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडून मग त्याचे खंडन करण्याची रीत प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

मराठी साहित्य महामंडळाने 1962 मध्ये लेखनाचे 14 नियम ठरवले व 1972 मध्ये आणखी 4 जोडले. अनुच्चारित अनुस्वार, म्हणजे लिहिला जाणारा पण न उच्चारला जाणारा अनुस्वार, त्यांनी काढून टाकला, आणि ‘कांहीं’चे ‘काही’ झाले. यास्मिन शेख व अरुण फडके यांनी शब्दकोश रचून हे नियम शिक्षकांच्या हाती सुलभ रूपात दिले. तथापि ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी विद्यार्थ्याची भाषा अशुद्ध नसून प्रमाणभाषेहून निराळी आहे, ही दृष्टी नियमांतून मिळत नाही, ती ना. गो. कालेलकरांच्या ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ या, 1967 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या ग्रंथासारख्या लेखनातून येते, आणि वऱ्हाडातील अध्यापकाने तो सर्वांत आधी वाचावा.

याच प्रदेशात, रिद्धपूर येथे, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या शिष्यांकडून मिळवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. लोणारच्या लीळाही त्यात आहेत. एकाच प्रसंगाविषयी सांगणाऱ्यांत मतभेद आढळला तर निराळा पाठ ‘वासना’ या नावाने नोंदवण्याची प्रथा या ग्रंथात दिसते. ऐकीव माहिती कशी गोळा करावी आणि मतभेद न लपवता कशी लिहावी, याचा मराठीतील इतका जुना नमुना लेखनाच्या अभ्यासक्रमांबाहेर राहावा, ही मोठी उणीव आहे.