नौकानयन आणि शालेय त्रिकोणमिती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

त्रिकोणमिती व्यवहारातून शिकवावी, हा विचार नवा नाही. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या सनदेने १६७३ मध्ये लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत रॉयल मॅथेमॅटिकल स्कूल स्थापन झाले. ४० मुलांना नौकानयनाचे गणित शिकवून जहाजांवर उमेदवारीस पाठविणे हा त्यामागील हेतू होता. सॅम्युअल पेपिस हे त्याचे आग्रही पुरस्कर्ते होते.

नौकानयनाच्या गणितात काटकोन त्रिकोणाचा कर्ण म्हणजे जहाजाने कापलेले अंतर. उत्तरेपासून ३०° पूर्वेकडे ६० सागरी मैल गेलेले जहाज साइन गुणोत्तरानुसार ३० मैल पूर्वेस, तर कोसाइननुसार सुमारे ५२ मैल उत्तरेस सरकते. म्हणजेच त्याचा अक्षांश सुमारे ५२ मिनिटांनी बदलतो.

तथापि १६९४ मध्ये या शाळेच्या अभ्यासक्रमाविषयी मत विचारले असता आयझॅक न्यूटन यांनी त्यातील उणिवा दाखविल्या. शिकविलेले तेवढेच करू जाणणारा नव्या प्रसंगी अडतो, कारणमीमांसा जाणणारा मार्ग काढतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्यांनी विषयांचा सुसंगत क्रम सुचविला आणि यामिकीचा समावेश करण्याची शिफारस केली.

यावरून असे दिसते की, प्रवासाच्या उदाहरणांनी त्रिकोणमितीला प्रयोजन लाभते. परंतु सिद्धता वगळल्यास विद्यार्थ्याच्या हाती केवळ कोष्टके उरतात.